दारूचा थेंबही नाही, मग लिव्हर का बिघडतं?

मागच्या पालकसभेनंतर एक आई वर्गातच थांबली. पर्समधून सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून हळूच म्हणाली, "सर, मुलाच्या अब्बांच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड २' लिहिलंय. ते तर दारूला कधी शिवलेही नाहीत. नातेवाइकांना सांगायची लाज वाटते."

थळ-अलिबाग परिसरात हे आम्ही आता वरचेवर ऐकतो. लिव्हर म्हटलं की लोकांना दारूच आठवते. मग लाजेपोटी रिपोर्ट कपाटात जातो आणि पुढची तपासणी राहून जाते. खरा धोका तिथे आहे.

बारीक माणसालाही होतो

हा आजार साखर, चरबी आणि इन्सुलिनच्या बिघाडातून येतो. डायबेटिस, सुटलेलं पोट आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड हे त्याचे सोबती. केंद्र सरकारने २०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला.

"आमचे हे तर सडपातळ आहेत," असंही घरोघरी ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. उंची-वजनाचं गणित, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडे वजनकाटा पुष्कळदा असा फसवतो.

चरबीपासून कॅन्सरपर्यंत

वाट साधारण अशी असते: आधी लिव्हरमध्ये चरबी साचते, मग सूज येते, मग व्रणासारखे कडक धागे तयार होतात (फायब्रोसिस), पुढे लिव्हर आकसून गाठाळ होतं (सिरोसिस) आणि काहींना शेवटी कॅन्सर होतो. एसटीतले सगळे प्रवासी शेवटच्या थांब्यापर्यंत जात नाहीत, तसंच हे. बहुतेक लोक आधीच थांबतात. क्वचित मात्र सिरोसिस न होताही कॅन्सर होतो, म्हणून अगदी गाफील राहू नये.

कोण पुढे जाणार, हे ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ पेशींमधल्या रेणूंच्या खुणा शोधतात. त्यातल्या तीन समजून घेऊ.

पहिली खूण जन्मापासूनची. २००८ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या अभ्यासात 'पीएनपीएलए३' या जनुकातला एक बदल सापडला. त्यामुळे बदललेलं प्रथिन चरबीच्या थेंबावर चिकटून बसतं आणि चरबीचा निचरा अडतो. आई-वडील दोघांकडून हा बदल आला तर धोका अधिक. पण वजन वाढलं की हाच बदल जास्त जोर करतो, म्हणजे लगाम बराचसा आपल्या हातात आहे. उलट 'एचएसडी१७बी१३' या जनुकातला एक बदल लिव्हरला काही प्रमाणात जपतो, हे २०१८ मध्ये समजलं.

दुसरी खूण पेशी बिघडतानाची. पेशीचं विभाजन होताना तिच्या गुणसूत्रांची टोकं दर वेळी थोडी झिजतात, फळ्यावर खडू झिजतो तशी. टोक फार झिजलं की पेशी थांबते. 'टर्ट' जनुकाच्या कळीत बदल झाला, तर झिजलेला खडू पुन्हा लांब होत राहतो आणि पेशी थांबायचं विसरते. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये हा बदल फार वेळा आढळतो. कधी कधी तो कॅन्सरच्या आधीच्या गाठींतही दिसतो.

तिसरी खूण रक्तातली: एएफपी. हे प्रथिन बाळ पोटात असताना भरपूर असतं, जन्मानंतर कमी होतं. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये ते पुन्हा वाढू शकतं. पण सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये अनेकदा ते नॉर्मलच असतं. म्हणून सिरोसिस असलेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात आणि जोडीला एएफपी पाहतात. एकट्या एएफपीवर भरवसा ठेवू नये.

आधी स्वस्त तपासण्या

जनुकांच्या महागड्या चाचण्यांमागे धावायची गरज नाही. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या साध्या चाचण्यांवरून 'फिब-४' हा आकडा काढता येतो. वयाला एसजीओटीने गुणायचं, मग प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. समजा वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट दोन लाख. ५० गुणिले ४० म्हणजे २०००. खाली २०० गुणिले ६ म्हणजे १२००. उत्तर १.६७. आकडा १.३ च्या खाली असेल तर लिव्हर कडक झाल्याची शक्यता कमी. वर गेला तर घाबरायचं नाही, पण फायब्रोस्कॅन करायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारायचं. पासष्टीच्या पुढे ही मर्यादा २ धरतात.

उपाय ओळखीचेच आहेत. वजन जास्त असेल तर ते सात ते दहा टक्के उतरवलं की लिव्हरची सूज कमी होऊ शकते. ७० किलोच्या माणसाला हे पाच ते सात किलो होतात. थंड पेयं आणि गोड सरबतं बंद, भाताची रास निम्मी, तळणाऐवजी कालवणातला मासा, आणि रोज समुद्रकिनारी चालणं. डायबेटिसची गोळी मनाने सोडू नये. 'लिव्हर साफ करणारे' काढे डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, काहींनी लिव्हरला उलट इजा होते.

त्या आईला आम्ही एवढंच म्हणालो: रिपोर्ट लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मुलाच्या चाचांनाही तपासून घ्यायला सांगा. भावाभावांत रक्त एकच, बहुतेकदा घरचं ताटही एकच.