वडिलांना बागकामाची भेट द्यायचीय? आधी त्यांच्या पायांकडे बघा

जूनचा तिसरा रविवार म्हणजे फादर्स डे. आपल्याकडे तो नेमका मृग लागल्यावर येतो, परसात भेंडी-दोडक्याच्या बिया टोचायची घाई असते तेव्हा. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली पोरं हल्ली गावाकडच्या वडिलांना ऑनलाइन ‘गार्डन किट’ पाठवतात. भावना चांगली, पण वस्तू बहुतेकदा फसते.

आमच्याच घरचं सांगतो. बाबा निवृत्त झाले तेव्हा आम्ही रंगीत मुठींचा पाच अवजारांचा संच मागवला. तो होता कुंडीतल्या मऊ मातीसाठी. परसातल्या चिकट काळ्या मातीत पहिल्याच पावसात खुरप्याची मान वाकली. संच आता कपाटावर आहे आणि बाबा पुन्हा लोहाराकडच्या जुन्या खुरप्यावर आलेत. खुरपं, विळा, फावडं ही हत्यारं ज्याच्या त्याच्या हाताला बसलेली असतात, ती भेट देऊच नयेत. जे ते स्वतःसाठी कधीच विकत घेणार नाहीत, ते द्यावं.

त्यात पहिला नंबर गमबुटांचा. आपले वडीलधारे परसात अनवाणी, नाहीतर स्लीपरवर. पावसाचं पाणी बिळात शिरलं की साप बाहेर पडतात. पालापाचोळ्यात पडलेली घोणस तर दिसतसुद्धा नाही. आणि असे दंश बहुधा पायालाच होतात. वडिलांना मधुमेह असेल तर गोष्ट आणखी गंभीर. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळत जाते. बूट गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारे घ्या, आत मोजे मावतील एवढे सैल. रोज घालण्याआधी उलटे करून झटकायला मात्र सांगा, आत विंचू बसलेला असू शकतो.

दुसरी वस्तू छाटणीची कात्री. द्राक्षपट्ट्यात ती घरोघरी असते, इतरांनी घेताना पाती बघून घ्यावी. एका प्रकारात धारदार पातं दुसऱ्या पात्याला घासून पुढे जातं. दुसऱ्यात ते सपाट पट्टीवर येऊन टेकतं. ओल्या फांदीला पहिलीच चांगली, दुसरीने साल चेचते आणि तिथून बुरशी शिरते. वाळल्या काटक्यांना दुसरी चालते. कोयत्याच्या घावाने लिंबाच्या खोडाची सालच सोलून निघते, ते तर नकोच. बाबा डावखुरे असतील तर दुकानात तसं सांगा.

गुडघे दुखत असतील तर उभ्याने चालवायचं लांब दांड्याचं हातकोळपं बघा. झारी मोठी नको. दहा लिटरची भरली की दहा किलोच्या वर जाते, त्यापेक्षा नळाला लावायचा पाइप बरा.

रोपच द्यायचं असेल तर आंब्याचं किंवा चिकूचं कलम द्या, कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतलं. लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्याखालून फुटवा आला तर तो काढायचा, नाहीतर खालचंच झाड वाढतं. पण कलम एकच द्या. दहा दिलीत तर एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार?

बाबांना विचाराल तर ‘कशाला खर्च करता’ एवढंच ऐकायला मिळेल. बुटाचा नंबर आईकडून घ्या.