मरण कसे आले, एवढेच विचारणारा

१३ नोव्हेंबर १९५६ च्या पहाटे पुण्याहून आलेली पॅसेंजर बोरीबंदरला लागली, तेव्हा लक्ष्मीबाई कर्वे बेशुद्ध होत्या. सोबत त्यांचेच डॉक्टर होते, अनंत चिंतामण लागू. त्यांनी बाईंना जवळच्या जी. टी. रुग्णालयात नेले आणि भलत्याच नावाने दाखल केले. दुपार व्हायच्या आत बाई गेल्या. मधुमेहातून आलेली बेशुद्धी, असे कारण कागदावर पडले. प्रेतावर हक्क सांगायला कुणी आले नाही, म्हणून ते बेवारस ठरून वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी गेले. तिथे मानेवर कसलीशी खूण दिसली, म्हणून प्रेत परत फिरले. शवविच्छेदन झाले ते २३ तारखेला, मृत्यूनंतर दहा दिवसांनी. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. कारण तेच राहिले, मधुमेह.

इकडे पुण्यात नातेवाइकांना बाईंची पत्रे येत होती. आपण पुन्हा लग्न करून दूर राजस्थानात संसार थाटला आहे, शोध घेऊ नका, अशा अर्थाची. दरम्यान त्यांची मालमत्ता डॉक्टरांकडे सरकत होती. तक्रारी झाल्या, तपास सुरू झाला आणि १९५८ मध्ये लागूंना अटक झाली. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, तीही तीनपैकी एका न्यायमूर्तींचे मत विरुद्ध असताना. विषाचा कणही हाती नसताना केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर खून शाबित कसा होतो, याचा धडा म्हणून वकील मंडळी हा निकाल आजही काढतात.

मला त्यात दुसरीच गोष्ट खुपते. अशा संशयास्पद मरणांसाठी त्या वेळी मुंबईत एक खास अधिकारी होता, कॉरोनर. पुण्यात नव्हता, नागपुरात नव्हता, मुंबईत होता. बाई त्याच्या हद्दीत मेल्या, शवविच्छेदनही त्याच्या अखत्यारीतल्या शहरात झाले, आणि खून निसटला. या पदाच्या प्रदीर्घ कायदेशीर हयातीकडे मागे वळून पाहताना त्याचे गोडवे गाण्याआधी हे प्रकरण डोळ्यांसमोर असलेले बरे.

पद आले इंग्रजांबरोबर. इंग्लंडमध्ये ते ११९४ पासूनचे. मुळात राजाच्या तिजोरीची राखण करणारा हा माणूस: आकस्मिक मरण म्हणजे दंड, जप्ती, म्हणजेच महसूल. मरणाऱ्याची कणव हा पुढचा विषय. कंपनीच्या राज्यात १७९३ च्या सनदी कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांत कॉरोनर नेमण्याची सोय झाली आणि १८७१ च्या कॉरोनर कायद्याने त्याला नीट चौकट मिळाली. अपघात, खून, आत्महत्या, किंवा कारण न कळता एकाएकी आलेला मृत्यू, यांची खबर मिळाली की कॉरोनरने चौकशी करायचीच. तुरुंगात कैदी मेला तरीही. हे शेवटचे कलम वाचताना आजही थबकायला होते. कैद्याचा मृत्यू संशयास्पद आहे की नाही हे तुरुंगवाल्यांनी ठरवायचे नव्हते. तुरुंगात मेला, एवढेच पुरे होते.

चौकशी पंचांसमोर चाले. पाच, सात, नऊ असे करत पंधरापर्यंत, नेहमी विषम संख्येत, शहरातले प्रतिष्ठित लोक बोलवायचे आणि त्यांनी प्रेत प्रत्यक्ष पाहायचे. दुकान सोडून, पेढी सोडून, भायखळ्याच्या उकाड्यात एखाद्या अनोळखी माणसाचे फुगलेले प्रेत न्याहाळणे हे काम कुणी हौसेने करत असेल असे वाटत नाही. पण कल्पना मोठी होती. एरवी मरणाचे कारण डॉक्टर आणि पोलीस आपसात ठरवतात. इथे पाच नागरिक ते ऐकणार, साक्षीदारांना शपथेवर बोलावले जाणार आणि वार्ताहर शेजारी बसलेला असणार. आरोपीने हजर असण्याचीही गरज नव्हती, कारण इथे आरोपी हा प्रश्नच नव्हता. शिक्षा देण्याचा अधिकार नाही, अपवाद फक्त न्यायासनाच्या अवमानाचा. मेलेला कोण, कुठे मेला, कधी, कशाने, एवढेच शोधायचे. उत्तर सापडले नाही तर तसे लिहून मोकळे होण्याची मुभाही होती. आपल्या फौजदारी व्यवस्थेत ‘ठरवता आले नाही’ हे उत्तर सन्मानाने देता येण्याची ही जवळजवळ एकमेव जागा असावी.

या जागेवर सगळे शहर डोळे लावून बसले तो प्रसंग २५ एप्रिल १८९१ चा. राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी खाली पडून मेल्या. उडी, अपघात की घातपात? कॉरोनरपुढे चौकशी झाली, वर्तमानपत्रांनी तिचा शब्दन् शब्द छापला, सबंध पारशी समाज ढवळून निघाला. पुढे खटला उभा राहिला, आरोपी निर्दोष सुटला, आणि त्या तरुणी मनोऱ्यावरून कशा पडल्या हे आजतागायत कुणी छातीठोकपणे सांगू शकलेले नाही. पंचांची चौकशी सत्य शोधतेच असे नव्हे. पण निदान काय विचारले गेले आणि कोण काय म्हणाले, हे शंभर वर्षांनी आपल्याला वाचता येते.

मद्रासने हे पद एकोणिसाव्या शतकातच टाकून दिले. पुढे कोलकात्यातूनही ते गेले. मुंबईत ते टिकले १९९९ पर्यंत, आणि मग राज्य सरकारने ते बंद केले. युक्तिवाद सोपा होता आणि खोटाही नव्हता. पोलिसांचा पंचनामा आहे, शवविच्छेदन करणारे पोलीस सर्जन आहेत, दंडाधिकारी आहेत. मग आणखी एक कार्यालय कशाला? उरलेल्या महाराष्ट्राचे त्यावाचून काही अडले होते का? वांद्र्याला मेलेल्या माणसासाठी एक कायदा आणि ठाण्याला मेलेल्यासाठी दुसरा, याचे समर्थन करणे कठीणच होते.

शिवाय या पदाची मूळ मर्यादा लागू प्रकरणातच उघडी पडली होती. कॉरोनर आपणहून मरण शोधत फिरत नाही. कुणीतरी खबर द्यावी लागते, आणि तो पाहतो ते डॉक्टरांच्या कागदांतून. रुग्णालयाने मधुमेह लिहिला की तपासणाऱ्याची नजरही तिकडेच वळते. ज्या देशाने हे पद घडवले तिथेही हेच झाले. हॅरॉल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरने निदान २१५ रुग्ण मारल्याचा निष्कर्ष चौकशी आयोगाने काढला. मृत्यूचे दाखले तोच लिहीत होता, म्हणून बहुतेक प्रेते कॉरोनरपर्यंत पोहोचलीच नाहीत. इंग्लंडने मात्र पद मोडले नाही, २००९ मध्ये नवा कायदा करून दुरुस्त केले. मुंबईत दुरुस्तीचा विचार कुणी फारसा केला नाही, याची मला चुटपुट आहे.

कारण उघड्यावर झालेल्या चौकशीचे मोल आपल्याला माहीत नव्हते असे नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, तेव्हा खरी उलथापालथ झाली ती न्यायमूर्ती लेंटिन आयोगापुढे, जाहीर सुनावणीत. पण आयोग नेमायला गाजलेले प्रकरण लागते. चाळीच्या जिन्यावरून पडलेल्या हमालासाठी आयोग बसत नाही.

त्या हमालासाठी आता पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते. दोन पंच, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन, आणि कारण कळले नाही तर व्हिसेरा राखून कलिनाच्या प्रयोगशाळेकडे. अभिप्राय राखून ठेवला, असे नातेवाइकांना सांगितले जाते आणि त्या अहवालासाठी ते खेटे घालत राहतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत पोलिसांनी आपला अहवाल २४ तासांत वर पाठवायचा आहे, ते चांगलेच. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची, अशी दुरुस्ती २००६ मध्ये अमलात आली. म्हणजे कैद्याच्या मरणावर पोलिसांबाहेरची नजर हवी, हे १८७१ चे कलम मुंबईने घालवल्यावर सात वर्षांनी देशाने निराळ्या शब्दांत मान्य केले.

बाकीच्यांचे तसे नाही. पंचनाम्यातले पंच सही करतात, प्रश्न विचारत नाहीत. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरची उलटतपासणी होते ती खटला उभा राहिला तरच, आणि तीही वकिलाकडून. बहुतेक अकस्मात मृत्यूंत खटला उभा राहत नाही. वरिष्ठांचा शेरा पडतो आणि फाइल बंद होते. मेलेल्याच्या बायकोने डॉक्टरसमोर उभे राहून ‘यांना नेमके झाले काय?’ असे विचारावे आणि त्याने शपथेवर उत्तर द्यावे, अशी खोली मुंबईत होती. ती अपुरी होती, कंटाळवाणी होती, कैकदा चुकली. तिच्या जागी दुसरी काही उघडलेली नाही.