नळाने येणारी ऊब

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर एस्बिअर्ग नावाचं बंदराचं शहर आहे. तिथलं कोळशावरचं वीजकेंद्र २०२४ मध्ये बंद झालं. वीज पवनचक्क्यांकडून मिळत होती, त्यामुळे तिची फारशी चिंता नव्हती. चिंता होती ती गरम पाण्याची. या केंद्रातून निघणारं गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरभर फिरायचं आणि त्यावर हजारो घरं थंडी काढायची. आता हे काम बऱ्याच अंशी समुद्र करतो. उत्तर समुद्राचं हात बधिर करणारं पाणी आत ओढायचं, त्यातली उष्णता काढून घ्यायची आणि आणखी थंड झालेलं पाणी परत सोडून द्यायचं, यासाठी तिथे ७० मेगावॉट क्षमतेचे उष्णता पंप बसवले आहेत. सुमारे २५,००० कुटुंबांना पुरेल एवढी ऊब त्यातून मिळते.

थंड पाण्यात उष्णता कुठली, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याला गार लागणाऱ्या पाण्यातही उष्णता असतेच. अतिशय कमी तापमानाला उकळणारं एखादं द्रव्य त्या पाण्याजवळून फिरवलं की ते त्यातली उष्णता शोषून घेतं. मग विजेच्या जोरावर ते द्रव्य दाबलं की त्याचं तापमान चढतं आणि त्यावर घरांसाठीचं पाणी तापवता येतं. खर्ची पडलेल्या विजेच्या दुपटी-तिपटीने उष्णता हाती येते. एस्बिअर्गमध्ये हे द्रव्य म्हणून कार्बन डायऑक्साइड निवडला, कारण लगतचा वाडन समुद्र युनेस्कोच्या वारसा यादीत आहे आणि गळती झाली तरी तिथल्या पाण्यात विष मिसळायला नको होतं.

या व्यवस्थेला जगभर ‘डिस्ट्रिक्ट हीटिंग’ म्हणतात. आपल्याकडे पूर्वी प्रत्येक वाड्यात, प्रत्येक बिऱ्हाडाचा वेगळा बंब पेटायचा. त्याऐवजी अख्ख्या गावाचा एकच बंब असावा आणि ऊन पाणी नळाने घरोघरी यावं, अशी ही कल्पना. रस्त्याखाली नळांची जोडी असते. एका नळातून साधारण सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी जातं, दुसऱ्यातून उष्णता देऊन झालेलं, चाळीसेक अंशांचं पाणी परत येतं. इमारतीच्या तळघरात त्या पाण्याची उष्णता घरातल्या पाण्याला दिली जाते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. मीटर लावलेला असतो, त्याप्रमाणे बिल येतं.

पण खरी गंमत एका बंबात नाही, त्या बंबाखाली काय जळतं यात आहे. कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळून जाताना ते प्रचंड शीतक मनोरे दिसतात. कोळशातल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून जास्त भाग वीज न होता उष्णता म्हणून फुकट जातो. त्यातली बरीचशी त्या मनोऱ्यांतून आकाशात सोडली जाते. हीच उष्णता पाण्यात धरून शहराला दिली, तर त्याच इंधनातली नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी येऊ शकते. महाराष्ट्रातल्या साखर कारखानदारीला हे तत्त्व नवं नाही. बगॅस जाळून वाफ करायची, तिच्यावर आधी वीज काढायची आणि दाब उतरलेल्या वाफेवर रस आटवायचा, हे आपले सहवीजनिर्मिती प्रकल्प दर गाळप हंगामात करतात. डेन्मार्कने रस आटवण्याच्या जागी घरं ठेवली, एवढंच.

त्या देशाला हे शहाणपण धक्का बसल्यावर सुचलं. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं तेव्हा डेन्मार्कची सुमारे नव्वद टक्के ऊर्जा आयात तेलातून येत होती. नोव्हेंबरपासून रविवारी खासगी मोटारी चालवायला बंदी घालावी लागली. नळाने ऊब देण्याचं तंत्र तिथे आधीपासून होतं. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये १९०३ सालीच कचरा जाळून त्याच्या उष्णतेवर इमारती गरम केल्या जात होत्या. पण तंत्र माहीत असणं वेगळं आणि देशभर राबवणं वेगळं. १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदा झाला आणि इथून चित्र पालटलं. प्रत्येक नगरपालिकेला आपल्या हद्दीचा उष्णता आराखडा करावा लागला: या भागात नळाने ऊब, त्या भागात नैसर्गिक वायू, बाकी ठिकाणी ज्याची त्याची सोय. नव्या इमारतींना जोडणी सक्तीची करण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. १९८८ पासून नव्या घरांत विजेवरच्या हीटरला मज्जाव झाला. नगरपालिकेच्या हमीवर स्वस्त, दीर्घ मुदतीची कर्जं मिळाली. आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे पुरवठादाराने ‘ना नफा ना तोटा’ या तत्त्वावरच चालायचं.

आज डेन्मार्कमधली जवळपास दोन तृतीयांश घरं या जाळ्याला जोडलेली आहेत. कोपनहेगनमध्ये तर उष्णतेची ९८ टक्के गरज त्यातून भागते.

माझ्या मते ‘ना नफा ना तोटा’ ही अटच या उद्योगाचा कणा आहे. घरात येणारा नळ एकच असतो. तो आवडला नाही म्हणून ग्राहक दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही. अशी मक्तेदारी नफेखोराच्या हाती पडली तर काय होतं, ते ब्रिटनमध्ये दिसलं. २०२२ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा घरगुती गॅस-विजेच्या दरांना सरकारी कमाल मर्यादा होती. सामाईक उष्णताजाळ्यावरच्या ग्राहकांना मात्र ती लागू नव्हती. अनेकांची बिलं काही पटींनी वाढली आणि तक्रार करायला नियामकही नव्हता. त्यासाठीचा कायदा २०२३ साली झाला.

डेन्मार्कमध्ये उष्णता पुरवणाऱ्या सुमारे ४०० संस्था आहेत. मोठ्या शहरांत त्या नगरपालिकेच्या आहेत, आणि छोट्या गावांत बहुतेक सगळ्या ग्राहकांच्याच सहकारी संस्था. ज्याच्या घरी नळ, तोच सभासद. त्याला सर्वसाधारण सभेत उठून हिशेब विचारता येतो. ही परंपरा १८८२ मध्ये येडिंग गावात सुरू झालेल्या सहकारी दूधसंस्थेपर्यंत मागे जाते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या महाराष्ट्राला याचं मोल वेगळं सांगायला नको. अॅरो बेटावरच्या मार्स्टल या छोट्या गावात अशाच ग्राहकांच्या संस्थेने १९९६ पासून सूर्यावर पाणी तापवायला सुरुवात केली आणि वाढवत वाढवत ३३,००० चौरस मीटरहून मोठं सौरक्षेत्र उभं केलं. उन्हाळ्यातलं ऊन हिवाळ्यासाठी साठवायला त्यांनी जमिनीत ७५,००० घनमीटरचा तलाव खणला.

हा साठवणीचा तलाव हीच आजची सगळ्यात आशादायक घडामोड आहे. खड्डा खणायचा, प्लॅस्टिकचं जाड अस्तर घालायचं, पाणी भरायचं आणि वरून उष्णतारोधक झाकण तरंगतं ठेवायचं. वॉयन्स गावच्या तलावात २० कोटी लिटर पाणी मावतं. विजेची बॅटरी महाग असते. गरम पाणी साठवणं त्या मानाने फारच स्वस्त. वारा जोरात वाहतो आणि विजेला गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मोठे विद्युत बॉयलर आणि उष्णता पंप चालवून ती वीज पाण्यात मुरवून ठेवता येते. वारा पडला की पंप बंद, आणि घरं साठ्यावर उबदार. पवनऊर्जेच्या चढउतारावर सगळं जग उपाय शोधतंय. डेन्मार्कच्या छोट्या गावांत तो रोजच्या वापरात आहे.

दुसरा बदल तापमानातला. न्यूयॉर्कमध्ये १८८२ पासून रस्त्याखालून वाफच वाहते. पुढे दाबाखालचं अतितप्त पाणी आलं, मग शंभर अंशांखालचं. आता पन्नास-साठ अंशांवर काम भागवायचा प्रयत्न आहे. डेन्मार्कच्या ऑलबॉर्ग विद्यापीठाचे हेन्रिक लुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याची ‘चौथी पिढी’ म्हणून मांडणी केली. पाणी जितकं कमी गरम, तितकी वाटेतली गळती कमी आणि आजवर निरुपयोगी मानलेले उष्णतेचे स्रोत तितके जास्त कामाचे. डेन्मार्कच्याच ओडेन्सा शहरात फेसबुकच्या डेटा सेंटरमधली उष्णता घरांना दिली जाते. जर्मनीत मानहाइमला २०२३ पासून ऱ्हाइन नदीतून उष्णता घेतली जाते. हेलसिंकीने २०२५ मध्ये आपलं शेवटचं कोळसाकेंद्र बंद केलं; तिथे सांडपाण्यातूनही उष्णता काढतात. युक्रेन युद्धानंतर रशियन गॅसचा भरवसा उडाला आणि युरोपात हा वेग वाढला. जर्मनीने तर २०२४ पासून प्रत्येक गावाला उष्णता आराखडा बंधनकारक केला: मोठ्या शहरांना २०२६ च्या मध्यापर्यंत, बाकीच्यांना २०२८ पर्यंत. डेन्मार्कने त्याच्या ४५ वर्षं आधी नेमकं हेच केलं होतं.

तरी या उद्योगाला सरसकट हरित म्हणणं खोटं ठरेल. जगात नळाने पुरवल्या जाणाऱ्या उष्णतेपैकी जवळपास ९० टक्के उष्णता आजही कोळसा, वायू अशा इंधनांतून येते, कारण सर्वांत मोठी जाळी चीन आणि रशियात आहेत. डेन्मार्कनेही कोळसा कमी केला तो बराचसा लाकडाकडे वळून, आणि त्यातलं पुष्कळ लाकूड परदेशातून येतं. तोडलेलं झाड पुन्हा वाढायला दशकं लागतात; हा हिशेब तिथल्या पर्यावरणवाद्यांनी लावून धरला आहे आणि तो रास्त आहे. कोपनहेगनच्या आमागर बाक्के या कचरा-ऊर्जा केंद्राच्या छतावर स्कीइंगचा उतार आहे, म्हणून त्याचे फोटो सर्वत्र दिसतात. पण ते इतकं मोठं बांधलं की भट्टी भरायला परदेशातून कचरा आणावा लागला. आणि युक्रेनमध्ये उष्णताकेंद्रांवर हल्ले झाले, तेव्हा एका ठिकाणच्या आघाताने कडाक्याच्या थंडीत वस्त्याच्या वस्त्या गारठल्या. अनेक छोटे स्रोत आणि गावोगावचे साठे हाच त्यावरचा उतारा दिसतो.

आपल्याला हे सगळं का कळायला हवं? महाराष्ट्राला घरं तापवायची नाहीत. पण याच नळांतून गार पाणीही फिरवता येतं. पॅरिसमध्ये सेन नदीच्या मदतीने थंड केलेलं पाणी लूव्र संग्रहालयापर्यंत जातं. गुजरातच्या गिफ्ट सिटीत २०१५ पासून इमारतींना असं सामाईक गार पाणी मिळतं. देशाची शीतकरणाची गरज २०३७-३८ पर्यंत वीस वर्षांत आठ पट होईल, असा केंद्र सरकारच्या २०१९ च्या आराखड्याचा अंदाज आहे. प्रत्येक खिडकीला वेगळा एसी लावून ती भागवायची म्हटली तर वीज पुरणार नाही, आणि त्या यंत्रांनी बाहेर फेकलेल्या गरम हवेत रस्त्यावरचा माणूस भाजेल.

तंत्र आणि उद्योग आपल्या दारात आहेत. पुण्याच्या थरमॅक्सने २०१० मध्ये डॅनस्टोकर ही डेन्मार्कची बॉयलर कंपनी विकत घेतली. उष्णतेवर चालणारी शीतयंत्रंही थरमॅक्स बनवते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने सामाईक शीतकरणासाठी भारतातली जी शहरं अभ्यासली, त्यांत ठाणे आणि पुणे होती. उणीव आहे ती डेन्मार्कने १९७९ मध्ये भरून काढली तीच: रस्ते आणि इमारती होण्याआधी नळाची जागा कागदावर राखून ठेवणारा कायदा. बांधलेल्या शहरात रस्ते खोदून नळ घालणं फार महाग पडतं. नवी मुंबई विमानतळाभोवती आणि पुण्याच्या कडेने नवी नगरं आखली जात आहेत. त्यांचे विकास आराखडे प्रसिद्ध होतात, तेव्हा नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. आपल्या भागाचा आराखडा येईल तेव्हा सामाईक शीतकरणाच्या नळांसाठी जागा राखून ठेवण्याची सूचना वाचकांनी लेखी द्यावी.