घट फुटल्यावर

न्यायशास्त्र शिकवणाऱ्या आम्हां मंडळींचं घटावाचून पान हलत नाही. घट फुटला की त्याचा प्रध्वंसाभाव सुरू होतो. त्याला आरंभ आहे, अंत नाही. म्हणजे फुटलेला माठ पुन्हा माठ होणार नाही. कबूल. पण खापरं उरतातच ना? बागेची स्वस्त सजावट तिथूनच सुरू होते.

चंदीगडचे नेकचंद हे सरकारी रस्ते-निरीक्षक. १९५७ च्या सुमारास त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या असलं टाकाऊ सामान जमवायला घेतलं. त्यातूनच उभं राहिलेलं रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं.

आपल्यापुरतं काय? गळकी बादली, जुना डबा घ्या. तळाला भोकं पाडा, भोकावर खापरी ठेवा. पाणी निघून जातं, माती राहते. हे आधी, रंगरंगोटी नंतर. मुळंच कुजली तर सजावट कोणासाठी? फुटक्या बश्या वाफ्याच्या कडेला खोचा, धारदार बाजू मातीत. रंगाच्या किंवा कीटकनाशकाच्या डब्यांत कोथिंबीर मात्र लावू नका.

धर्मकीर्तीच्या मते जे कार्य करू शकतं, तेच सत्. म्हणून बागेसाठी नवी किटली आणून तिला जुनी दिसेलशी रंगवणं आम्हाला पटत नाही. निकामी वस्तूबद्दल एवढंच विचारावं: हिच्याकडून आणखी काय होईल? उत्तर सापडलं नाही, तर खुशाल भंगारवाल्याला द्यावी. बाग म्हणजे अडगळीची खोली नव्हे.