विमान वळवलं, रात्रीचं काय?

विमान ठरलेलं गाव सोडून भलत्याच देशात उतरलं की प्रवाशांचा पहिला राग वैमानिकावर निघतो, आणि तो बहुतेक वेळा अनाठायी असतो. एप्रिल २०२५मध्ये लंडनहून मुंबईला येणारं व्हर्जिन अटलांटिकचं विमान एका प्रवाशाची प्रकृती बिघडल्यामुळे तुर्कस्तानातल्या दियारबाकिरला उतरवावं लागलं. त्या निर्णयाला कोण नावं ठेवील? पण उतरल्यावर विमानाची तांत्रिक तपासणी करावी लागली आणि २००हून अधिक प्रवासी, त्यांत पुष्कळसे भारतीय, सुमारे ४० तास तिथेच अडकले. भांडायचं असेल तर या तासांवरून भांडावं.

त्यासाठी भरपाई आणि देखभाल यांतला फरक ध्यानात ठेवायला हवा. युरोपीय संघाच्या २००४च्या नियमात (ब्रिटननेही संघातून बाहेर पडल्यावर तो आपल्या कायद्यात ठेवला) उशिराची रोख भरपाई आहे. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर ती मिळत नाही. जेवण, हॉटेल आणि तिथवर नेण्या-आणण्याची सोय मात्र कारण काहीही असलं तरी द्यावीच लागते. दोष नसताना कंपनीने खर्च का सोसायचा, हा आक्षेप रास्त वाटतो. २०१०मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश बंद झालं तेव्हा रायनएअर या विमान कंपनीने तोच मांडला. युरोपीय न्यायालयाने २०१३मध्ये तो फेटाळला: प्रवासी सर्वांत असहाय असतो तो अशाच वेळी, आणि हा खर्च कंपनी तिकिटाच्या दरात वळता करू शकते. मला हा युक्तिवाद पटतो. अडकलेल्या एकट्यादुकट्यावर पडणारा भार हजारो तिकिटांत वाटला गेला तर कुणालाच फारसा जाणवत नाही.

अर्थात हा नियम सगळीकडे लागू नाही. युरोपातून किंवा ब्रिटनमधून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागतो. तिकडे जाणाऱ्या विमानाला मात्र कंपनी तिथली असेल तरच. म्हणजे आखाती कंपनीने मुंबईहून मँचेस्टरला निघालेल्यांच्या हाती मुख्यतः उरतो तो १९९९चा माँट्रियल करार. त्यात उशिरामुळे झालेलं प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावं लागतं आणि शक्य ते सगळे उपाय केल्याचं दाखवून कंपनी सुटू शकते. जेवणाची, टॅक्सीची, औषधांची बिलं आणि उशिराचं कारण लिहून घेतलेला कागद तिथे उपयोगी पडतो. काउंटरवर चढवलेला आवाज नाही.

रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न मात्र कागदाने सुटत नाही. डिसेंबर २०२४मध्ये बहारीनहून मँचेस्टरला जाणारं गल्फ एअरचं विमान तांत्रिक बिघाडामुळे कुवेतला उतरलं. काही देशांच्या प्रवाशांना तिथल्या तिथे व्हिसा मिळून हॉटेल मिळालं. भारतीयांना ती सवलत नव्हती, त्यामुळे ते विमानतळावरच राहिले. व्हिसा कंपनीच्या हातात नसतो, हे खरं. पण कोणत्या मार्गावर कोणते पर्यायी विमानतळ आहेत, हे कंपनीला उड्डाणाआधीच ठाऊक असतं. ध्रुवाजवळून जाणाऱ्या विमानांसाठी तर अशा विमानतळांवर प्रवाशांच्या निवाऱ्याची आणि सुटकेची योजना आधी आखावी, असं अमेरिकी नियमच सांगतात. अशी तयारी का लागते ते जून २०२३मध्ये दिसलं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या मगदानला उतरलं. २१६ प्रवासी, कंपनीचा एकही माणूस गावात नाही. कित्येकांना शाळेत जमिनीवर गाद्या टाकून झोपावं लागलं. दुसरं विमान त्यांना घेऊन निघालं ते ८ जूनला.

प्रवाशाच्या बाजूने तयारी थोडकीच. मोठी बॅग बहुधा विमानाच्या पोटातच राहते, म्हणून दोन दिवसांची औषधं, चार्जर आणि स्वेटर हाताशी असावेत. वाटेतल्या देशांतल्या भारतीय दूतावासांचे आपत्कालीन क्रमांकही फोनमध्ये असू द्यावेत. कुवेतमध्ये दूतावासाची माणसं विमानतळावर पोचली, कंपनीशी बोलली आणि अडकलेल्यांची सोय दोन लाउंजमध्ये झाली.