जुन्या संगणकावरील पंचांग व दिनदर्शिका

शेतकऱ्याचें वर्ष एका गणनेनें चालत नाहीं. पेरणीसाठीं तो मृग, आर्द्रा, पुनर्वसु हीं नक्षत्रें पाहतो. सणवार तिथीवर पाळतो. कर्जाचा हप्ता इंग्रजी तारखेनें भरतो. आणि गांवचें महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतें. या चारहि गणना एके ठिकाणीं पाहावयास मिळाल्या, तर मुदत चुकून होणारें नुकसान पुष्कळ अंशीं टळतें. आज अनेक घरीं व सोसायट्यांच्या कचेऱ्यांत पंधरा-वीस वर्षांपूर्वींचे संगणक धूळ खात पडले आहेत. नवीं कामें त्यांस झेपत नसलीं, तरी दिनदर्शिका ठेवण्यास ते समर्थ आहेत. यास्तव तशीं सॉफ्टवेअरें कशीं मिळवावीं, कशीं पारखावीं व कशीं अद्ययावत ठेवावीं, याचें विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेअरवेअर म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत १९८२ सालीं अँड्र्यू फ्लूगेलमन व जिम नॉफ यांनीं आपापले प्रोग्राम लोकांत मोकळेपणें वाटण्यास मुभा दिली, व ज्यास उपयोगी वाटेल त्यानें ठराविक रक्कम पाठवावी अशी विनंती केली. बियाण्याचा नमुना आधीं पेरून पाहावा व उगवण चांगली दिसल्यास पैसे द्यावे, तसाच हा व्यवहार आहे. पुढें कांहीं कर्त्यांनीं तीस दिवसांची वगैरे मुदत घातली. ती संपल्यावर नोंदणीचा क्रमांक विकत घ्यावा लागतो. जे प्रोग्राम कायमचे विनामूल्य असतात ते निराळे. जुना प्रोग्राम घेतांना त्याचा कर्ता अद्यापि नोंदणी देतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. नाहीं तर मुदत संपल्यावर त्यांत भरलेल्या नोंदी अडकून पडतात.

प्रोग्राम शोधण्यापूर्वीं यंत्र तपासावें. संगणक बंद असतांहि त्याचें घड्याळ एका लहानशा नाण्याएवढ्या बॅटरीवर चालतें. बहुतेक यंत्रांत ती सीआर-२०३२ या जातीची असते. ती निकामी झाली कीं यंत्र दर वेळीं कित्येक वर्षें मागची तारीख दाखवूं लागतें, व मग उत्तमांतील उत्तम पंचांगहि व्यर्थ होय. ही बॅटरी अल्प किंमतींत मिळते. ती आधीं बदलावी. नंतर विंडोज कोणतें व तें ३२ बिटचें कीं ६४ बिटचें, हें पाहावें. ६४ बिटसाठीं केलेला प्रोग्राम ३२ बिटच्या विंडोजवर चालत नाहीं. उलट फार जुने १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहींत.

लिपीचा प्रश्नहि महत्त्वाचा आहे. विंडोज ९८ वर युनिकोड देवनागरी नीट उमटत नाहीं. विंडोज २००० पासून ती सोय आली. एक्सपींत ती भाषांच्या सेटिंगमध्यें जाऊन चालू करावी लागते. मराठी नांवांच्या जागीं चौकोन दिसल्यास प्रोग्राम टाकून देण्यापूर्वीं ही सोय चालू आहे कीं नाहीं तें पाहावें.

आतां मिळण्याचीं ठिकाणें. पहिलें, कर्त्याचें स्वतःचें संकेतस्थळ. तेथें पुष्कळदां जुनी आवृत्तीहि ठेवलेली असते. दुसरें, संगणकविषयक मासिकांबरोबर पूर्वीं मिळत असलेल्या सीड्या. तिसरें, जुन्या सॉफ्टवेअरचा संग्रह करणारें इंटरनेट अर्काइव्ह. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीं व विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं थांबली. म्हणून असें यंत्र इंटरनेटला जोडूं नये. प्रोग्राम दुसऱ्या, नव्या यंत्रावर उतरवून, व्हायरस तपासून, मग पेनड्राइव्हनें आणावा. नोंदणी चुकविण्यासाठीं फुकट वाटले जाणारे चोरटे क्रमांक घेऊं नयेत; तें अप्रामाणिक तर आहेच, पण व्हायरस बहुधा त्याच वाटेनें घरांत शिरतो.

मिळालेलें पंचांग पारखण्याच्या तीन कसोट्या आम्ही सुचवितों. पहिली अधिक मासाची. २०२३ सालीं १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण होता, व २०२६ सालीं १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. जो प्रोग्राम हे दाखवीत नाहीं त्याच्या सणांच्या तारखा विश्वासार्ह नव्हेत. दुसरी कसोटी मासगणनेची. आपला मास अमावास्येस संपतो, उत्तरेकडील पौर्णिमेस. आपला पोळा श्रावण अमावास्येस येतो; उत्तरेकडील गणनेंत तीच भाद्रपद अमावास्या होय. प्रोग्राम तिकडील गणनेवर ठेवलेला असेल, तर 'श्रावण अमावास्या' म्हणून तो एक महिना आधींचा दिवस दाखवील. यासाठीं सेटिंगमध्यें अमान्त मास निवडावा. तिसरी कसोटी स्थळाची. दिवसाची तिथि सूर्योदयावरून ठरते, आणि आष्टीस सूर्य मुंबईपेक्षां सुमारें वीस मिनिटें आधीं उगवतो. तिथि या वीस मिनिटांत संपत असल्यास दोन्हीं ठिकाणची तिथि भिन्न येते. म्हणून स्थळ आष्टी, तें नसल्यास वर्धा अथवा नागपूर भरावें.

आमच्या गांवास आणखी एक कसोटी आयतीच उपलब्ध आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं आष्टीस जो स्वातंत्र्यलढ्याचा प्रसंग घडला व वीरांनीं प्राण दिले, तो दिवस नागपंचमीचा होता. प्रोग्राममध्यें ती तारीख घालून पाहावी; श्रावण शुद्ध पक्षाऐवजीं भलतेंच कांहीं आल्यास तो सोडून द्यावा.

अद्ययावत करण्याचें काम प्रोग्रामच्या जातीवर अवलंबून आहे. कांहीं प्रोग्राम सूर्यचंद्रांची गति गणितानें काढतात. ते अनेक वर्षें चालतात. कांहींत तयार कोष्टकें भरलेलीं असतात. कोष्टक संपलें कीं प्रोग्राम मुका होतो. अशांचें नवें कोष्टक दर वर्षीं मिळत असेल तरच ते घ्यावे. काळाचे सेकंद १ जानेवारी १९७० पासून जुन्या ३२ बिटी पद्धतीनें मोजणारे प्रोग्राम १९ जानेवारी २०३८ नंतर चुकतील, हेंहि ध्यानांत ठेवावें.

पंचांग सुधारणें ही कांहीं नवी कल्पना नव्हे. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत वेधाशीं जुळणारें पंचांग करण्याचा उद्योग केला. पुढें मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ सालीं समिति नेमली गेली, व २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. गणित जुनें झालें कीं तें आकाशाशीं ताडून पाहावें, हाच त्यांचा धडा.

शेवटीं, कोणत्याहि प्रोग्रामला पीकविम्याची वाढलेली मुदत किंवा सोसायटीच्या सभेची तारीख आपोआप कळत नाहीं. त्या नोंदी ज्याच्या त्यानें कराव्या, शासनाच्या जाहीर सूचनेवरून दुरुस्त कराव्या, महिन्यास एकदां त्यांची प्रत पेनड्राइव्हवर काढावी, व चालू महिन्याचें पान छापून दाराजवळ लावावें. वीज नसली तरी तें पान वाचतां येतें. एवढी काळजी घेतल्यास जुनें यंत्र आणखी कांहीं वर्षें घरच्या कारकुनासारखें इमानें काम देईल.