पोटगीचा हुकूम आणि सीमेपलीकडचा बाप

न्यायालयाने मुलाच्या पोटगीचा हुकूम देणे ही एक गोष्ट आणि ती रक्कम दरमहा त्या मुलाच्या घरी पोहोचणे ही दुसरी. बेळगाव-निपाणी भागात या दोहोंमधील अंतर राज्याच्या सीमेमुळे अधिकच वाढल्यासारखे वाटते. कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. निपाणीत विड्या वळून संसार चालविणाऱ्या एखाद्या मातेचा पती इचलकरंजीस यंत्रमागावर अथवा कोल्हापुरास कारखान्यात कामास गेला, की "तो आता दुसऱ्या राज्यात, येथील हुकूम तेथे कोण मानणार?" अशी तिची समजूत होते. गावातील जाणती मंडळीही कित्येकदा तिला तेच सांगतात. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे.

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ हिच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अंमलात आली आहे. पूर्वीच्या कलम १२५ मधील पोटगीची तरतूद आता कलम १४४ मध्ये आहे. मूल औरस असो वा अनौरस, ऐपत असूनही पिता त्याचे पालनपोषण करीत नसेल, तर दंडाधिकारी त्यास दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करू शकतात. या रकमेवर पूर्वी ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. पत्नी जेथे राहते त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. त्याहून महत्त्वाचे हे की, कलम १४७ अन्वये हुकुमाची अंमलबजावणी, ज्याच्याविरुद्ध हुकूम झाला तो इसम जेथे असेल तेथील कोणताही दंडाधिकारी करू शकतो. त्यासाठी लागणारी हुकुमाची प्रत मातेस विनामूल्य मिळते. निपाणीच्या हुकुमासमोर कागलची वेस आड येत नाही.

रक्कम थकल्यास ती दंडाप्रमाणे वसूल करण्यासाठी वॉरंट निघते. जंगम मालमत्ता जप्त होऊ शकते, तसेच जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणेही वसुली करता येते. वॉरंट बजावूनही रक्कम न मिळाल्यास प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणजे देणे फिटले, असा काहींचा समज असतो. परंतु कैदेने रकमेची जबाबदारी संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे.

येथे एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. तुरुंगात बसलेला बाप कमावत नाही, आणि जो कमावत नाही तो मुलाला काय देणार? हाच प्रश्न इतर देशांनाही पडला. अमेरिकेत १९९६ साली झालेल्या कल्याणविषयक कायद्याने प्रत्येक राज्याला असा अधिकार आपल्या कायद्यात ठेवणे आवश्यक केले की, मुलाच्या पोषणाची रक्कम थकविणाऱ्याचे परवाने रोखता किंवा निलंबित करता यावेत. त्यात वाहन चालविण्याचे व व्यवसायाचे परवाने आहेत, तसेच शिकार, मासेमारी यांसारखे करमणुकीचे व खेळाचे परवानेही आहेत. २,५०० डॉलरहून अधिक थकबाकी असणाऱ्यास तेथे पासपोर्टही मिळत नाही.

यांतील करमणुकीच्या परवान्याची युक्ती विशेष विचार करण्याजोगी आहे. मालमोटार चालविणाऱ्याचा परवाना काढून घेतला तर त्याची रोजी जाते आणि तिच्याबरोबर मुलाची पोटगीही. शिकारीचा परवाना अडविला तर कोणाचीच भाकर जात नाही. केवळ हौस थांबते. मुलाच्या पुस्तकांना पैसे नाहीत पण बंदुकीच्या हौसेला आहेत, असे म्हणण्याची सोय बापाला उरत नाही.

आपल्या देशात पोटगीच्या थकबाकीसाठी असा परवाना रोखण्याची तरतूद नाही. तशी ती झाली तरी निपाणीच्या परिसरात तिचा उपयोग थोडाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाल्यापासून हौसेच्या शिकारीचे परवानेच राहिले नाहीत, आणि नदीकाठी गळ टाकून बसणाऱ्यावर अशा उपायाचा काय परिणाम होणार? येथील थकबाकीदाराजवळ असते ती मजुरी, मोटारसायकल, क्वचित वडिलोपार्जित जमिनीतील हिस्सा. तेव्हा तूर्त भर द्यावयाचा तो जप्तीवर, आणि नोकरदाराच्या बाबतीत पगारावर. दिवाणी न्यायालयाच्या पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा केवळ एक-तृतीयांश भागच जप्तीपासून सुरक्षित राहतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पित्याची खरी मिळकत कळावी म्हणून दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिले आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

मातांचे सर्वाधिक नुकसान होते ते मुदतीच्या अज्ञानाने. थकलेल्या रकमेच्या वॉरंटसाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "दिवाळीला देतो", "ऊस गेला की देतो" या आश्वासनांवर दोन वर्षे गेली, तर जुन्या महिन्यांसाठी वॉरंटचा मार्ग बंद होतो. वकिलाच्या खर्चाची चिंताही बाळगण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला व फीच्या पावत्या सोबत असल्यास मुलाचे वय आणि खर्च दाखविणे सोपे जाते, म्हणून असे कागद मागावयास आलेल्या मातेस शिक्षकांनी ते त्याच दिवशी द्यावेत.